शेंदूर न लावलेली जागा

संताजीच्या घराण्यात कोरे लोखंड कामाला लावीत नसत. तलवार असो, पहार असो की विहिरीच्या रहाटाचा कणा असो, आधी त्याला जवसाच्या तेलात घोटलेला शेंदूर लागायचा, तो उन्हात वाळायचा आणि मगच ते लोखंड माणसाच्या हाती जायचे. मराठी फौजांबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलेले हे लोहार धारच्या शिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्या हत्यारे जपत आले होते. संताजी कर्ता झाला तोवर शिलेखान्याला दसऱ्यापुरतीच जाग येत असे. त्याचे वडील भगवंत जाताना मुलाला एवढेच सांगून गेले, की पोट कशावरही भर, पण कोऱ्या लोखंडाला कामाला जुंपू नकोस.

संताजी मोटारींकडे वळला तो चिंतामणीमुळे. इंदूरला छावणीजवळच्या एका कारखान्यात दोघे तीन वर्षे एकत्र होते. चिंतामणी दहा वर्षांनी मोठा, अंगाने किरकोळ, बोलणे कमी. एंजिनावर लाकडी काठी टेकवून तिचे दुसरे टोक कानाला लावायचे आणि आत काय दुखते आहे ते ऐकायचे, हे त्याने संताजीला शिकवले. दोघांचा डबा एक होता, आजारपणे एक होती. पुढे चिंतामणी देवासला एका सरदारांच्या मोटारखान्यात मुख्य मिस्त्री झाला आणि त्याच्याच शब्दावर संताजीला धारमध्ये बापूसाहेबांकडे जागा मिळाली. म्हणजे संताजीची भाकरी चिंतामणीच्या शब्दावर भाजलेली होती. हे धारमध्ये सगळ्यांना माहीत होते, आणि संताजीला ते थोडे बोचत असे.

बापूसाहेब जहागीरदार, नालछ्याच्या बाजूला त्यांची गावे होती. गाडी स्वतः हाकायचा त्यांना फार नाद. पण त्यांची मोटार जुन्या घडणीची, पुढे उभे राहून हॅण्डल मारून सुरू करायची. १९२५च्या उन्हाळ्यात त्या हॅण्डलने उलटा झटका दिला आणि बापूसाहेबांचे उजवे मनगट मोडले. ते जुळले, पण वाकडे जुळले. ड्रायव्हर उमाशंकर होता, तो हॅण्डल मारी. तरी चारचौघांत आपली गाडी दुसऱ्याने सुरू करून द्यायची याची बापूसाहेबांना लाज वाटे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला मोटार आपण स्वतः सुरू करून नेणार, असे त्यांनी बोलून टाकले होते.

योगायोगाने देवासच्या त्या सरदारांची त्याच घडणीची, पण नवी गाडी पावसाळ्यात रस्त्यावरून नाल्यात कलंडली. सांगाडा वाकला, एंजिन शाबूत राहिले. त्या एंजिनाला सेल्फ होता. पायाने बटण दाबले की बॅटरीच्या जोरावर एंजिन आपोआप फिरे, हॅण्डल लागत नसे. बापूसाहेबांनी एंजिन, सेल्फ, बॅटरी, तारा असे सगळेच मागवले. चिंतामणीने ते पेंढ्यात गुंडाळून पाठवले आणि सोबत चिठ्ठी दिली: सर्व तपासून धाडले आहे, सेल्फ उत्तम आहे, चिंता नसावी.

संताजीने पेंढा सोडला तेव्हा त्याच्या मनात वेगळेच आले. त्या अपघातात एका क्लीनरचा पाय गेला होता. रक्त पाहिलेले लोखंड परक्या घरून आले आहे, त्याला साधा शेंदूर पुरणार नाही, असे त्याला वाटले. त्याची बायको सीता हिने दोन दिवस पाट्यावर शेंदूर घोटला. संताजीने जुने एंजिन उतरवले. नवे बसवण्याआधी त्याला शेंदूर दिला, एक हात नव्हे, दोन हात. एंजिनाचे चार पाय सांगाड्यावर जिथे टेकतात, तिथे वरून आणि खालून दिला. सेल्फ जिथे बसतो त्या गोल तोंडाला दिला. बोल्टही बुडवून काढले. भाद्रपदाच्या उन्हात चार दिवसांत तो वाळून चिनी मातीसारखा टणक झाला. पितृपक्ष लागायच्या आत एंजिन जागेवर बसले. लाल एंजिन पाहून उमाशंकरने गाडीला हात जोडले आणि म्हणाला, की आता हिला मारुतीच्या देवळातच नेऊन उभी करू.

पहिल्यांदा हॅण्डल मारले. एंजिन लगेच लागले, गोड चालले. मग बंद करून बापूसाहेब स्वतः बसले आणि त्यांनी पायाने बटण दाबले. आतून खट्‌ असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबले. पुन्हा खट्‌. अंगणात कारकून, माळी, पागेतले मोतद्दार असे आठदहा जण उभे होते. बापूसाहेबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिले. उतरून आत गेले.

पुढचे आठ दिवस संताजी त्या गाडीखालीच होता. बॅटरी पाहिली, भरलेली होती. दिवे लावून पाहिले, लख्ख लागले. तारा एकेक करून बदलल्या. बटण उघडून घासले. अखेर सेल्फ काढून जमिनीवर ठेवला, बॅटरीच्या दोन जाड तारा थेट त्याला लावल्या, तर तो गर्रकन फिरला. पुन्हा गाडीत बसवला की खट्‌. संताजीने त्यातून निष्कर्ष काढला: रिकामा फिरतो, भार आला की बसतो. म्हणजे आतले तारेचे वेटोळे जळके आहे.

त्याच दिवशी एक गोष्ट झाली होती, तिच्याकडे त्याने लक्ष दिले असते तर हे सारे तिथेच संपते. तो खाली पडून सांगत होता आणि उमाशंकर वर बसून बटण दाबत होता. चारपाच वेळा दाबल्यावर उमाशंकरने हात झटकला. एंजिनातून निघणारी चोकची बारीक तार, जिचे दुसरे टोक ड्रायव्हरच्या हाताशी येते, तिचा त्याला चटका बसला होता.

“भिया, यो तार तो घणो तातो हुई ग्यो,” तो म्हणाला.

संताजी खालूनच म्हणाला, की एंजिनाची आच लागली असेल. उमाशंकर म्हणाला, एंजिन तर सकाळपासून लागलेलेच नाही, थंडगार आहे. यावर संताजी गाडीखालून बाहेर आला आणि सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, की हाकणाऱ्याने हाकावे, मिस्त्रीपण शिकवू नये. उमाशंकर हसला, तळहातावरच्या लाल रेघेवर फुंकर घालत बाजूला जाऊन बसला आणि पुन्हा त्याविषयी बोलला नाही.

दसरा तीन आठवड्यांवर आला. बापूसाहेबांनी संताजीला अंगणात बोलावून सरळ विचारले, की दोष कुणाचा आहे. खरे उत्तर, मला सापडत नाही, हे होते. ते संताजीच्या ओठावर आले नाही. आठदहा माणसे ऐकत होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की हा चिंतामणीने लावून दिलेला माणूस आहे.

तो म्हणाला, “सेल्फ जळका आहे, सरकार. चांगला देवासला ठेवून घेतला असेल.”

त्याने नाव घेतले नाही. घ्यायची गरजच नव्हती. बापूसाहेबांनी त्याच दिवशी देवासच्या सरदारांना पत्र लिहिले आणि संताजीचे वाक्य त्यात जसेच्या तसे घातले. घरी आल्यावर संताजी जेवला नाही. सीतेने विचारले तेव्हा म्हणाला, पोट बरे नाही.

सहाव्या दिवशी चिंतामणी आला, कुणी बोलावले नसताना. सरदारांनी त्याच्यापुढे पत्र टाकून खुलासा मागितला होता. खुलासा लिहिण्याऐवजी त्याने गाडी पाहून येण्याची परवानगी घेतली. इंदूरहून लॉरीत बसून दुपारी धारला उतरला. अंगावर धुळीचा थर, हातात एक पिशवी. संताजीला पाहून त्याने नेहमीसारखेच विचारले, की सीता बरी आहे ना. संताजीने मान हलवली. पत्रात काय लिहिले आहे ते दोघांनाही माहीत होते.

चिंतामणी गाडीभोवती एकदा फिरला. लाल एंजिनाकडे जरा वेळ पाहत राहिला. मग त्याने संताजीला काही न विचारता उमाशंकरला हाक मारली आणि तुला काय दिसले म्हणून विचारले. उमाशंकरने एकदा संताजीकडे पाहिले. मग मूठ उघडून पुढे केली. चटक्याची रेघ आता तपकिरी झाली होती.

चिंतामणीने पिशवीतून तांब्याच्या जाड तारेचा तुकडा काढला. एक टोक सेल्फच्या अंगावर, जिथे पितळेची खूणपट्टी होती आणि शेंदूर पोचला नव्हता, तिथे दाबून धरले. दुसरे टोक सांगाड्याच्या घासलेल्या कडेवर टेकवले आणि उमाशंकरला बटण दाबायला सांगितले. एंजिन एका दमात फिरले आणि लागले.

संताजीला त्या क्षणी सगळे कळले. बॅटरीची एक तार सेल्फला जाते. परतीची वाट मात्र तारेतून नसते, ती लोखंडातूनच असते: सेल्फच्या अंगातून एंजिनात, एंजिनाच्या पायांतून सांगाड्यात, सांगाड्यातून बॅटरीत. लोखंडाला लोखंड भिडले पाहिजे. त्याने दोन हात शेंदूर देऊन मधली प्रत्येक जागा बंद करून टाकली होती. वाट न मिळालेली वीज चोकच्या बारीक तारेतून कशीबशी परतत होती आणि ती तार तापत होती. दिवे सांगाड्यावरच बसलेले, म्हणून ते लागत. हॅण्डलने लागणाऱ्या एंजिनाची ठिणगी त्याची स्वतःची, तिला बॅटरी लागतच नव्हती. इतके सोपे होते. चिंतामणीने त्याला पहिल्या वर्षी शिकवलेले होते.

चिंतामणीने एक बोल्ट सोडवला, चाकूच्या टोकाने पायाखाली खरवडले. लाल खपली निघाली. ती त्याने अंगठा आणि बोट यांत चुरली, संताजीकडे पाहिले आणि बोटे धोतराला पुसली. तेवढ्यात एंजिनाचा आवाज ऐकून बापूसाहेब बाहेर आले. मागोमाग तीच आठदहा माणसे. बापूसाहेबांनी काय निघाले ते विचारले.

“एक तार नीट बसली नव्हती, सरकार,” चिंतामणी म्हणाला.

“देवासहून आलेल्या तारांतली?”

चिंतामणी लगेच बोलला नाही. त्याने उत्तराची जागा रिकामी ठेवली. बोलायला पुरेल इतकी, एखाद्याने पुढे यावे इतकी. संताजी जमिनीकडे पाहत होता. तिथे एक नट पडला होता. पुढे कित्येक वर्षे तो नट त्याच्या डोळ्यांसमोर येई, त्याची एक कड झिजलेली होती हेही.

“तिथलीच म्हणा,” चिंतामणी म्हणाला.

बापूसाहेब खूश होते, त्यांनी फार चौकशी केली नाही. चिंतामणी जेवायलाही थांबला नाही. निघताना त्याने संताजीला फक्त कामाचे सांगितले: पायाखालचे आणि सेल्फच्या तोंडाचे खरवडून घे, कानस फिरव, बाकीचा शेंदूर असू दे. लॉरी सुटेपर्यंत तो अड्ड्यावर उभा होता. संताजी तिथवर गेला नाही. गाडीखाली शिरून तो संध्याकाळपर्यंत खरवडत बसला. लाल भुकटी त्याच्या पापण्यांवर, ओठांवर बसली. सीतेने न्हाणीत पाणी ठेवले, तेव्हा त्याच्या अंगावरून वाहणारे पाणी लाल झालेले पाहून तिने सगळे विचारून घेतले. ऐकून ती एवढेच म्हणाली, की माझ्या हातचा शेंदूर होता, मग दोष सांगताना माझेही नाव सांगा, पण सांगा.

त्याने सांगितले नाही. दसऱ्याला बापूसाहेबांनी वाकड्या मनगटाचा हात चाकावर ठेवून, पायाने बटण दाबून मोटार सुरू केली. लोक वाहवा म्हणाले. सोने वाटताना बापूसाहेबांनी संताजीच्या खांद्यावर शेला घातला. तो शेला त्याने घरी येऊन पेटीच्या तळाशी ठेवला, आणि सीतेनेही तो कधी बाहेर काढला नाही.

मार्गशीर्षात बापूसाहेब देवासला एका लग्नाला गेले, गाडी उमाशंकरने नेली. परत आल्यावर उमाशंकर संताजीच्या कामाच्या जागी येऊन विडी ओढत बसला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. लग्नातले लाडू, इंदूरच्या रस्त्यावरचे खड्डे. मग उठता उठता म्हणाला, “भिया, तमारो शेंदूर देवास तक पोंची ग्यो.”

मग त्याने सांगितले. दसऱ्यानंतर बापूसाहेबांनी देवासला दुसरे पत्र घातले होते, अगदी सद्‌भावनेने: दोष आपल्याकडून आलेल्या तारेत होता, आपल्या मिस्त्र्याने येऊन तो दूर केला, आभारी आहे. पहिल्या पत्रात आळ होता, दुसऱ्यात कबुली झाली. देवासच्या सरदारांनी चिंतामणीला मोटारखान्यातून काढले. आता तो टेकडीच्या पायथ्याशी एका टांगेवाल्याच्या आवारात चाकांवर लोखंडी धावा बसवतो.

उमाशंकरला सगळे माहीत होते. बटण त्यानेच दाबले होते, लाल खपली त्यानेही पाहिली होती. त्याने ते कुणाला सांगितले नव्हते. संताजीने त्याला विचारले, का नाही सांगितलेस. तो म्हणाला, हाकणाऱ्याने हाकावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी संताजी बापूसाहेबांपुढे उभा राहिला. दिवाणखान्यात नको, अंगणात या, अशी त्याने विनंती केली. जिथे आळ घेतला तिथेच बोलायचे होते. कारकून, माळी, मोतद्दार होते. त्याने शेंदराचे सांगितले, तापलेल्या तारेचे सांगितले, उमाशंकरला गप्प केले ते सांगितले. चिंतामणी थांबला होता आणि आपण खाली पाहत राहिलो, हे मात्र तो पुटपुटला. ते त्याला दोनदा सांगावे लागले.

त्याला वाटले होते, बापूसाहेब शेंदराला हसतील. ते हसले नाहीत. त्यांच्या घरीही खंडेनवमीला तलवारींना शेंदूर लागत होता. ते बराच वेळ वाकडे मनगट दुसऱ्या हाताने चोळत बसले.

“चूक कुणाचीही होते, संताजी. पण मी दोन पत्रांवर सही केली. माझ्या हातानं तू खोटं बोललास.”

त्यांनी तिसरे पत्र लिहिले. ते टपालाने धाडले नाही, संताजीच्या हाती दिले आणि नोकरी राहील की नाही हे परत आल्यावर पाहू म्हणाले.

देवासला टेकडीखालच्या त्या आवारात चिंतामणी जमिनीवर बसून चाकाचा आरा ठोकत होता. भोवती शेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. संताजीने आधी सरदारांच्या वाड्यावर पत्र पोचवले होते. सरदारांनी ते वाचून बरे झाले म्हटले, पण मोटारखान्यात आता मुंबईकडचा नवा माणूस आला होता, त्याला कशाला हलवायचे. हे सगळे संताजीने उभ्याउभ्याच सांगितले. चिंतामणीने हातातले काम संपवले. मग बाजूचा पाट त्याच्याकडे सरकवला.

“त्या दिवशी लॉरी सुटेपर्यंत उभा होतो,” तो म्हणाला. “वाटलं, मागून येशील.”

संताजीने त्याच्या पायांवर डोके ठेवले नाही. तेवढाही आपला अधिकार नाही असे त्याला वाटले. त्याने दुसरा आरा उचलला आणि खोबणीत धरला. चिंतामणीने तो ठोकला. दुपारपर्यंत दोघांनी मिळून दोन चाके पुरी केली. निघताना चिंतामणीने विचारले, अजून शेंदूर लावतोस का. संताजी म्हणाला, त्या दिवसापासून डबी उघडलेली नाही. चिंतामणी म्हणाला, लाव, बापानं सांगितलंय ना. फक्त जिथून परत यायचं असतं, तेवढी वाट सोडून लाव.

चिंतामणी पुन्हा मोटारींकडे गेला नाही. पुढे नेमावरला नर्मदेकाठी एका शेतकऱ्याकडे तेलाच्या एंजिनावर पाणी ओढायचे काम त्याने धरले आणि तिथेच राहिला. संताजीची नोकरी राहिली. त्याला ती कधी पूर्वीसारखी आपली वाटली नाही. तो धारमध्ये आणखी तीस वर्षे मोटारी, चक्क्यांची एंजिने, पाण्याचे पंप बसवत राहिला. प्रत्येकाला सीतेच्या हातचा शेंदूर लागे, आणि प्रत्येकावर एका पायाशी तळहाताएवढी जागा कोरी राही, कानशीने चकचकीत केलेली. गिऱ्हाइकाने विचारले, मिस्त्री, इथे लावायचा राहिला का, की तो हातातला पाना खाली ठेवी आणि सांगू लागे. कामाची घाई असली तरी सगळे सांगे: चटका, आळ, तार. लोकांना तोवर कळलेले असे की जागा कोरी का ठेवली आहे. ते मान हलवून उठू लागत, पण संताजी त्यांना थांबवी. अजून नट सांगायचा राहिलेला असे, एका बाजूला झिजलेला, आणि तो पाहत आपण किती वेळ उभे होतो ते.